राष्ट्रीय रुग्णालय-सर्वेक्षणाच्या माहितीवरून विश्वास अंतराल : सॉफ्टवेअरला काय सांगावे आणि कसे सांगावे

नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्समध्ये पदव्युत्तर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आज माहितीसाठी दरवेळी वॉर्डा-वॉर्डांत किंवा गावोगाव फिरावेच लागते असे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेऱ्यांची घराघराची आणि व्यक्तीव्यक्तीची मूळ माहिती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर विनामूल्य उतरवून घेता येते. अमेरिकेतील अनेक रुग्णालय-सर्वेक्षणांच्या फायलीही खुल्या आहेत. फाइल उघडायची, रुग्णालयात भरती झालेल्यांचे प्रमाण काढायचे आणि शेजारी ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे वर्गात आपण ज्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतो तो, लिहून टाकायचा, इतके हे काम सोपे वाटते. खरी अडचण अशी आहे की सॉफ्टवेअर अंतराल द्यायला सहसा नकार देत नाही. नमुना कसा निवडला गेला हे त्याला सांगितले नाही, तर सगळी माणसे एकाच पिशवीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली गेली असे ते गृहीत धरते आणि त्या गृहीतकावर बिनचूक गणित करून चुकीचे उत्तर देते. हे चुकीचे उत्तर बहुधा खऱ्यापेक्षा अरुंद असते, आणि अरुंद अंतराल तक्त्यात सुबक दिसत असल्यामुळे तो परीक्षकांच्याही नजरेतून निसटतो.

पुढील मार्गदर्शन या एकाच मुद्द्याभोवती आहे. आज्ञांची आणि स्तंभांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

सर्वेक्षण घराचे की रुग्णालयाचे

सॉफ्टवेअर उघडण्याआधी आपल्या हातातील माहिती कोणाच्या दारातून आली आहे हे ठरवावे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. तीत ८,०७७ गावे आणि ६,१८१ नागरी गट निवडून १,१३,८२३ कुटुंबांकडून माहिती घेतली गेली, आणि मागील ३६५ दिवसांत घरातील कोण रुग्णालयात भरती झाले होते हे विचारले गेले. याआधीची आरोग्यविषयक ७१वी फेरी जानेवारी ते जून २०१४ मधील आहे. ही सर्वेक्षणे कुटुंबांची आहेत. रुग्णालय त्यांत केवळ उत्तरातून येते.

अमेरिकेचे राष्ट्रीय रुग्णालय डिस्चार्ज सर्वेक्षण याच्या उलट होते. १९६५ ते २०१० या काळात चाललेल्या त्या सर्वेक्षणात आधी रुग्णालये निवडली जात आणि मग त्या रुग्णालयांतून सुटी मिळालेल्या रुग्णांच्या नोंदी. १९९२ पासून सुरू झालेले तेथील बाह्यरुग्ण व आपत्कालीन विभागांचे सर्वेक्षणही रुग्णालयांच्याच दारातून माहिती घेत असे.

नागपुरात हा फरक विशेष जपावा लागतो. धंतोली आणि रामदासपेठेतील रुग्णालयांत शिवनी, छिंदवाडा, बालाघाट येथून येणारे रुग्ण रोज दिसतात. कुटुंब-सर्वेक्षणात शिवनीच्या रुग्णाची नागपुरातील भरती मध्य प्रदेशाच्या खात्यात पडते, कारण त्याचे घर तेथे आहे. रुग्णालय-सर्वेक्षण असते तर तीच भरती महाराष्ट्राच्या खात्यात पडली असती. ‘नागपुरातील भरती’ आणि ‘नागपूरकरांची भरती’ या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि कुटुंब-सर्वेक्षणातून केवळ दुसरीच काढता येते. अंतराल कितीही काटेकोरपणे काढला तरी राशीची ही गल्लत तो दुरुस्त करीत नाही.

सॉफ्टवेअरला लागणारे तीन स्तंभ

प्रत्येक नोंदीसमोर तीन गोष्टी हव्यात : ती नोंद कोणत्या स्तरातून आली, कोणत्या प्राथमिक नमुना एककातून आली, आणि तिचा भार किती, म्हणजे ती एक नोंद लोकसंख्येतील किती जणांच्या वतीने मोजायची.

स्तर म्हणजे नमुना काढण्यापूर्वी केलेले कप्पे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात जिल्ह्याचा ग्रामीण भाग एक कप्पा आणि नागरी भाग दुसरा अशी मूळ रचना असते, आणि दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येचे शहर स्वतंत्र कप्पा होते. २०११ च्या जनगणनेत २४ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले नागपूर शहर याच नियमाने उरलेल्या नागरी जिल्ह्यापासून वेगळे पडते. फायलीत स्तराचा क्रमांक असतो, परंतु तो क्रमांक एकटा पुरेसा नसतो, कारण तोच क्रमांक दुसऱ्या राज्यात पुन्हा येतो. म्हणून राज्य, ग्रामीण-नागरी विभाग, सर्वेक्षणाचा प्रदेश, स्तर आणि उपस्तर हे पाचही संकेतांक जोडून एक नवा स्तंभ तयार करावा. हा जोडस्तंभ केला नाही तर सॉफ्टवेअर दोन निरनिराळ्या राज्यांतील जिल्ह्यांना एकाच कप्प्यात घालते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

प्राथमिक नमुना एकक म्हणजे निवडलेले गाव किंवा नागरी गट. अशा एकेका एककातून साधारण आठ कुटुंबे घेतली जातात, आणि ती आठ कुटुंबे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ती एकाच नाल्याच्या काठी राहतात, त्यांच्या घरांत पावसाळ्यात डेंग्यू एकदमच शिरतो, आणि आजारी पडल्यावर ती बहुधा कोपऱ्यावरच्या त्याच नर्सिंग होमकडे धाव घेतात. त्यामुळे आठ घरांतून आठ घरांइतकी नवी माहिती मिळत नाही. एककातील घरांमधील साम्याचा गुणांक समजा ०.१ असेल, तर प्रचरण (व्हेरिअन्स) १ + (८ − १) × ०.१ म्हणजे १.७ पटीने वाढते आणि प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) सुमारे १.३ पटीने. रुग्णालय-सर्वेक्षणात हे एकक म्हणजे स्वतः रुग्णालय किंवा कधी त्याच्याही वरचा भौगोलिक भाग असतो, आणि तेथे एकाच छताखालील शेकडो नोंदी असल्यामुळे हा परिणाम पुष्कळच मोठा होऊ शकतो.

भार हा तिसरा स्तंभ, आणि आरोग्याच्या फेऱ्यांत तो वगळणे सर्वांत महागात पडते. निवडलेल्या गावातील घरांची यादी केल्यावर, ज्या घरांत वर्षभरात कोणी भरती झाले होते त्यांचा वेगळा गट करून त्यांतून जाणूनबुजून जास्त घरे घेतली जातात. तसे केले नाही तर भरतीचा खर्च मोजायला पुरेशा नोंदीच मिळणार नाहीत. साहजिकच नमुन्यात भरती झालेली माणसे देशातील त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. भाराशिवाय काढलेले भरतीचे प्रमाण म्हणूनच थोडेथोडके चुकत नाही. ७५व्या फेरीच्या अहवालात बाळंतपण वगळून भरतीचे अखिल भारतीय प्रमाण २.९ टक्के आहे, ग्रामीण भागात २.६ आणि नागरी भागात ३.४. आपले उत्तर याच्या अनेक पट आले, तर भार कोठे हरवला हे आधी शोधावे.

भार फायलीत जसाच्या तसा वापरण्याजोगा नसतो. त्यात दशांश चिन्ह न लिहिता दोन दशांश स्थळे धरलेली असतात, आणि प्रत्येक स्तरात दोन स्वतंत्र उपनमुने असतात. म्हणून नियम असा : उपनमुन्यातील एककांची संख्या आणि एकत्रित नमुन्यातील एककांची संख्या हे दोन स्तंभ समान असतील तर गुणक, म्हणजे फायलीत लिहिलेला भार, १०० ने भागावा, अन्यथा २०० ने. हे केल्यावर पहिली तपासणी एका मिनिटात होते. नागपूर जिल्ह्यातील सर्व व्यक्तींच्या भारांची बेरीज करावी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती. सर्वेक्षणाचा अंदाज तिच्याशी तंतोतंत जुळणार नाही, या सर्वेक्षणांतील लोकसंख्येचे अंदाज नेहमीच थोडे कमी येतात, पण संख्या त्याच घरातील असावी. माझ्याच हातून एकदा हा भागाकार राहून गेला होता आणि सरासऱ्या अगदी बरोबर आल्यामुळे दोन दिवस काहीच लक्षात आले नाही, कारण सर्व भार एकाच पटीने फुगले तर सरासरी बदलत नाही. एकूण संख्या छापली तेव्हा जिल्ह्यात भारताचा मोठा हिस्सा मावलेला दिसला.

आधी एकदा हाताने

सॉफ्टवेअरच्या उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी एक अंतराल कागदावर काढून पाहावा असा माझा आग्रह असतो, आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची रचना त्याला विलक्षण अनुकूल आहे. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने काढून त्यांच्या अंदाजांतील फरकावरून त्रुटी मोजण्याची ही पद्धत प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. बंगालातील तागाच्या पिकाच्या सर्वेक्षणांत त्यांनी ती रुजवली आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ती आली.

कृती अशी. प्रत्येक स्तरासाठी पहिल्या उपनमुन्यावरून एकूण भरतींचा अंदाज काढावा, दुसऱ्यावरून वेगळा काढावा; या वेळी दोन्हींसाठी गुणक १०० नेच भागावा. दोन अंदाजांतील फरकाचा वर्ग करावा, सर्व स्तरांचे वर्ग मिळवावेत आणि बेरजेला ४ ने भागावे. ते प्रचरण झाले. त्याचे वर्गमूळ ही प्रमाण त्रुटी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार स्तर आहेत आणि उपनमुन्यांचे अंदाज अनुक्रमे ४,२०० व ३,८००; २,६०० व ३,०००; ५,१०० व ४,५००; १,९०० व २,१०० असे आले. फरक ४००, ४००, ६०० आणि २००. त्यांच्या वर्गांची बेरीज ७,२०,०००. चौथा हिस्सा १,८०,०००. वर्गमूळ सुमारे ४२४. चार स्तरांच्या सरासऱ्यांची बेरीज, म्हणजे एकत्रित अंदाज, १३,६००. सापेक्ष प्रमाण त्रुटी ३.१ टक्के झाली, ती काही वाईट नाही. आता पाठ असलेल्या १.९६ ने गुणले तर अंतराल १२,७६८ ते १४,४३२ येतो. पण येथे स्वातंत्र्य मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) चारच आहेत, प्रत्येक स्तरामागे एक, आणि चार मात्रांसाठी टी-कोष्टकातील किंमत २.७७६ आहे. तिने गुणल्यास अंतराल १२,४२२ ते १४,७७८ होतो, म्हणजे रुंदी चाळीस टक्क्यांहून अधिक वाढते. संपूर्ण देशाच्या अंदाजात हजारो एकके असतात म्हणून हा फरक नगण्य ठरतो. एका जिल्ह्याच्या अंदाजात तो नगण्य नसतो. हाताने हे एकदा केलेल्या माणसाला पुढे सॉफ्टवेअरमधील एक छोटीशी खोच लगेच दिसते, जी एरवी वर्षानुवर्षे दिसत नाही.

आर

विनामूल्य पर्यायांत आर ही भाषा आणि थॉमस लम्ली यांचे ‘सर्व्हे’ हे पॅकेज माझ्या मते पहिल्या पसंतीचे. ‘एसव्हीवाय-डिझाइन’ या आज्ञेत आयडीज म्हणून एककाचा स्तंभ, स्ट्रेटा म्हणून वर तयार केलेला जोडस्तंभ आणि वेट्स म्हणून भागाकार केलेला भार द्यावा. एककांचे क्रमांक प्रत्येक स्तरात १ पासून पुन्हा सुरू होत असतील तर नेस्ट या पर्यायाला ‘ट्रू’ द्यावे, नाहीतर आज्ञा तक्रार करून थांबते. या आज्ञेने माहिती आणि रचना यांची एक गाठोडी तयार होते, आणि येथून पुढचे प्रत्येक काम मूळ फायलीवर न करता या गाठोडीवर करायचे असते.

सरासरीसाठी ‘एसव्हीवाय-मीन’, एकूण संख्येसाठी ‘एसव्हीवाय-टोटल’, दोन बेरजांच्या गुणोत्तरासाठी ‘एसव्हीवाय-रेशिओ’, गटागटाने हेच हवे असेल तर ‘एसव्हीवाय-बाय’. उत्तरावर ‘कॉन्फइंट’ ही आज्ञा चालवली की अंतराल मिळतो. वर म्हटलेली खोच येथे आहे : ‘कॉन्फइंट’ काही सांगितले नाही तर स्वातंत्र्य मात्रा अनंत धरते, म्हणजे १.९६ च वापरते. त्यामुळे तिला डीएफ म्हणून ‘डेगएफ’ या आज्ञेचे उत्तर द्यावे. ‘डेगएफ’ एककांच्या संख्येतून स्तरांची संख्या वजा करून मात्रा काढते. स्टाटा हे दुसरे सॉफ्टवेअर हेच न सांगता करते. आर आणि स्टाटा यांच्या अंतरालांत तिसऱ्या आकड्यात फरक येतो आणि विद्यार्थी हवालदिल होतात, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

उपगट काढताना माहिती कापू नये

नागरी स्त्रिया, साठीपुढील व्यक्ती, केवळ विदर्भ, असा उपगट हवा असला की हात आपोआप फाइल गाळण्याकडे वळतो. तो आवरावा. गाळणी रचना सांगण्यापूर्वी लावली तर ज्या एककांत उपगटातील एकही व्यक्ती नाही ती एकके नमुन्यात होती हेच सॉफ्टवेअर विसरते, आणि ‘तेथे कोणी सापडले नाही’ ही माहितीही प्रचरणाच्या हिशेबातून जाते. आरमध्ये आधी संपूर्ण फायलीवर गाठोडी बांधून मग तिच्यावर ‘सबसेट’ चालवावे. स्टाटात ‘सबपॉप’ पर्याय वापरावा. सास या सॉफ्टवेअरमध्ये ‘डोमेन’ हे विधान त्यासाठीच आहे.

भरतीच्या खर्चाच्या बाबतीत ही चूक अधिक गुप्तपणे होते, म्हणून तेथे थोडे थांबू. भरतीच्या प्रत्येक घटनेची नोंद वेगळ्या फायलीत असते, आणि ती फाइल मुळातच गाळलेली असते. ज्या गटात कोणीच भरती झाले नाही तो गट तीत नाही. कोणी काही कापलेले नसते, तरी कापलेल्या फायलीवर काम चालू होते. यावर उपाय असा की घटनांच्या फायलीतून प्रत्येक कुटुंबाच्या भरतींची संख्या आणि एकूण वैद्यकीय खर्च अशी दोन आकड्यांत बेरीज करावी, ती कुटुंबांच्या मुख्य फायलीला जोडावी, ज्या कुटुंबात भरती नाही त्याच्या दोन्ही रकान्यांत शून्य भरावे, आणि मग ‘एसव्हीवाय-रेशिओ’ने खर्चाच्या बेरजेला संख्येच्या बेरजेने भागावे. एका भरतीमागचा सरासरी खर्च तोच येतो, पण अंतराल आता सर्व एककांना ओळखून काढलेला असतो. बाळंतपणाच्या भरती वेगळ्या ठेवायला विसरू नये, कारण अहवालातील खर्चाचे आकडे त्या वगळून आहेत : ७५व्या फेरीत सरकारी रुग्णालयात एका भरतीमागे सरासरी ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. आपला अखिल भारतीय अंदाज या आकड्यांशी जुळला तरच जिल्ह्याकडे वळावे.

खर्चाची विभागणी फार तिरकी असते. बहुतेकांचा खर्च काही हजारांत, एखाद्याचा काही लाखांत, आणि तो एखादा नमुन्यात आला की सरासरी उचलली जाते. अशा वेळी मध्यकही (मीडियन) द्यावा. ‘एसव्हीवाय-क्वांटाइल’ मध्यकासोबत अंतरालही देते आणि तो मध्यकाच्या दोन्ही बाजूंना समान नसतो. त्यात काही बिघडलेले नाही.

एकाकी एकक

कधीकधी एखाद्या स्तरात एकच एकक उरते : दुसऱ्या गटाचे सर्वेक्षण होऊ शकले नाही, किंवा उपस्तर फार बारीक पडले. एकाच एककावरून त्या स्तरातील प्रचरण काढता येत नाही. अशा वेळी निरनिराळी सॉफ्टवेअर निरनिराळी वागतात. आर चूक दाखवून थांबते. स्टाटा प्रमाण त्रुटीच्या जागी टिंब दाखवते. सास त्या स्तराचे योगदान शून्य धरून पुढे जाते, आणि माझ्या दृष्टीने हे तिसरे वागणे सर्वांत धोक्याचे, कारण त्यात अंतराल अरुंद होतो आणि ते सहज नजरेतून निसटते. उपस्तर काढून टाकून स्तराच्या पातळीवर एकके एकत्र करणे हा सर्वांत सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर आरमध्ये ‘सर्व्हे-लोनली-पीएसयू’ या पर्यायाला ‘ॲडजस्ट’ ही किंमत द्यावी. स्टाटातील ‘सिंगलयुनिट’ला ‘सेंटर्ड’ दिल्यास तेच होते. कोणता मार्ग घेतला हे प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात एका वाक्यात लिहावे.

स्टाटा, सास आणि एसपीएसएस यांना परवाना लागतो, आणि एसपीएसएसमध्ये ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’ हा भाग मूळ पॅकेजात असेलच असे नाही. महाविद्यालयाच्या संगणकावर तो आहे का हे प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे, आधी पाहावे. स्टाटात ‘एसव्हीवाय-सेट’ने रचना एकदा सांगितली की पुढे प्रत्येक आज्ञेपूर्वी ‘एसव्हीवाय’ आणि अपूर्णविराम (:) एवढेच लिहावे लागते. प्रोग्रामिंगचा धसका असलेल्यांसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे विनामूल्य एपी इन्फो आहे. वारंवारता आणि सरासरीसाठी ते पुरते. एक्सेलमधील ‘कॉन्फिडन्स’ या नावाची सूत्रे मात्र या कामासाठी वापरू नयेत. ती साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी आहेत आणि त्यांना स्तर किंवा एकक सांगण्याची जागाच नाही.

प्रमाण लहान असते तेव्हा

रुग्णालयात भरती होणे ही वर्षाकाठी शंभरात तिघांच्या वाट्याला येणारी घटना आहे, आणि लहान प्रमाणांवर नेहमीचा ‘अधिक-वजा’ अंतराल हास्यास्पद होऊ शकतो. समजा एखाद्या उपगटात प्रमाण २ टक्के आणि प्रमाण त्रुटी १.१ टक्के आली. १.९६ ने गुणून दोन्हीकडे अंतर घेतले तर अंतराल उणे ०.२ ते ४.२ टक्के होतो, आणि उणे माणसे कोणत्याही रुग्णालयात भरती होत नाहीत. हेच गणित लॉजिट मापनावर, म्हणजे प्रमाणाला उरलेल्या भागाने भागून त्याचा लॉगॅरिदम घेऊन, करून परत टक्क्यांत आणले तर अंतराल ०.७ ते ५.८ टक्के येतो : खालची बाजू शून्याच्या वर राहते, वरची बाजू लांबते, आणि दोन्ही समजण्याजोग्या असतात. आरमधील ‘एसव्हीवाय-सीआय-प्रॉप’ हे काम लॉजिट पद्धतीने आपणहून करते. तिलाच ‘बीटा’ ही पद्धत सांगितली तर कॉर्न आणि ग्रॉबार्ड यांचा अंतराल मिळतो. तो थोडा रुंद, म्हणजे सावध असतो, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने २०१७ मध्ये प्रमाणे प्रसिद्ध करण्यासाठी ठरवलेल्या निकषांत त्याचाच आधार घेतला आहे. त्या निकषांनुसार अंतरालाची एकूण रुंदी ३० टक्केबिंदू किंवा अधिक असेल तर प्रमाण छापलेच जात नाही, आणि रुंदी ५ टक्केबिंदूंपर्यंत असेल तर, नमुना पुरेसा असल्यास, ते छापण्याजोगे मानले जाते. आपल्याकडील प्रबंधांनी हा दंडक स्वतःहून लावून घेतला तर बरेच तक्ते निम्मे होतील.

अमेरिकेची फाइल हाती असेल तर

जुन्या डिस्चार्ज सर्वेक्षणाच्या सार्वजनिक फायलींत स्तर आणि रुग्णालय यांचे स्तंभ गोपनीयतेसाठी दिलेलेच नसत. त्याऐवजी माहितीपत्रकात अ आणि ब अशा दोन स्थिरांकांचा तक्ता असे, आणि अ मध्ये ‘ब भागिले अंदाज’ मिळवून त्याचे वर्गमूळ घेतले की सापेक्ष प्रमाण त्रुटी मिळे. हे गणकयंत्रावरही होते. तेथे वरील पॅकेजांचा उपयोग नाही. बाह्यरुग्ण व आपत्कालीन विभागांच्या सर्वेक्षणाच्या नंतरच्या फायलींत मात्र मूळ ओळख झाकून ‘सी-स्ट्रॅट-एम’ हा स्तर, ‘सी-पीएसयू-एम’ हे एकक आणि ‘पॅट-डब्ल्यूटी’ हा भार दिलेला असतो, आणि हे तीन स्तंभ थेट ‘एसव्हीवाय-डिझाइन’मध्ये बसतात. राष्ट्रीय आंतररुग्ण नमुन्याची रचना २०१२ मध्ये बदलली. त्यापूर्वी काही रुग्णालये निवडून त्यांच्या सर्व नोंदी घेत. त्यानंतर सर्व सहभागी रुग्णालयांतून नोंदींचा नमुना घेतला जातो. २०१२ च्या दोन्ही बाजूंचा कल दाखवायचा असेल तर जुन्या वर्षांसाठी पुरवलेले वेगळे कल-भारच वापरावेत.

नागपूरचा आकडा

शेवटी प्रत्येकाला नागपूरचाच आकडा हवा असतो. ७१व्या आणि ७५व्या फेरीचा नमुना राज्य आणि देश यांच्या अंदाजांसाठी आखलेला होता, जिल्ह्यासाठी नव्हे. जिल्ह्याच्या वाट्याला आलेली एकके थोडी, त्यांत भरतीच्या नोंदी त्याहून थोड्या, आणि सरकारी-खासगी, स्त्री-पुरुष असे कप्पे पाडत गेले की एकेका रकान्यात बोटावर मोजण्याइतक्या उरतात. तीसपेक्षा कमी नोंदींवर आधारलेला अंदाज देऊ नये हा जुना नियम येथे पाळावा. जिल्ह्याऐवजी सर्वेक्षणाचा प्रदेश घेणे अधिक शहाणपणाचे : नागपूर ज्या प्रदेशात येते त्यात बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्धाही आहेत, तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांचा प्रदेश वेगळा आहे. या दोन प्रदेशांची तुलना करायची झाल्यास दोन अंतराल शेजारी ठेवून ते एकमेकांवर चढतात का एवढेच पाहू नये, कारण थोडे चढणारे अंतरालही खऱ्या फरकाचे असू शकतात. फरकाचाच अंतराल काढावा. ‘एसव्हीवाय-टीटेस्ट’ किंवा ‘एसव्हीवाय-जीएलएम’ तो देते, आणि त्यात शून्य येते का ते पाहावे.

प्रबंधात लिहिताना अंदाज, अंतराल, पद्धत आणि भार न लावलेल्या नोंदींची संख्या या चारही गोष्टी एकाच ठिकाणी याव्यात. टक्केवारी एका दशांशापर्यंत, रुपये शेकड्यापर्यंत पुरेत. त्याखाली एक टीपही हवी : हा अंतराल केवळ नमुना निवडीमुळे येणाऱ्या त्रुटीचा आहे. वर्षभरापूर्वीची दोन दिवसांची भरती कोणी विसरले असेल, किंवा बिलाचा आकडा अंदाजाने सांगितला असेल, तर ती चूक या दोन संख्यांच्या मध्ये नाही.